सडा वाळायच्या आत

मी एक सिमेंटचा पाईप बोलतोय. कुठून बोलतोय ते मात्र लगेच सांगणार नाही. आधी तुम्ही कोण, आमच्या गल्लीत कशाला आलात, हातात टेप आहे का, काखेत नकाशाची गुंडाळी आहे का, हे मला कळू द्या. राग मानू नका. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मला फुंकता येत नाही, म्हणून मी नुसता संशय घेतो.

संशय माझ्या जन्मातच आहे. सडक अर्जुनीच्या पुढे, हायवेच्या कडेला एका कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडी साच्यात सळ्यांची जाळी ठेवली, सिमेंट आणि गिट्टी ओतली, आणि तो साचा असा काही गरगर फिरवला की जगात आल्याआल्या मला चक्कर आली. ज्याची सुरुवातच गरगरण्यानं झाली, तो कशावर पटकन भरवसा ठेवील?

तिथे आमच्यावर पाणी मारायला एक म्हातारा मजूर होता. समोरून रायपूरकडे ट्रक धडधडत जायचे आणि तो पाणी मारता मारता आमच्याशी बोलायचा. "तुमचं नशीब चांगलं हाये बाबू. जमिनीत जाल, थंडगार राहाल, पोटातून पानी वाहील. आमचं पाहा, जिंदगीभर उन्हात." ते ऐकून मी हुरळून गेलो होतो. आयुष्यात तेवढं एकदाच.

बारा वर्षांपूर्वी आम्ही बारा भाऊ गोंदियाच्या मोहाटोलीत उतरलो. बिडीच्या बंद गोदामामागची ही गल्ली. घरं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी. वाऱ्याबरोबर राईस मिलचा कोंडा यायचा, लांबून रेल्वेची शिट्टी यायची, आणि पावसात गोदामाच्या उताराचं सगळं पाणी गल्लीच्या मधोमध साचायचं. ते पाणी वाहून न्यायला एक योजना निघाली होती. आम्ही त्या योजनेचे.

उतरवताना साखळी सटकली आणि माझा काठ फुटला. तळहाताएवढा तुकडा उडाला. योजनेचा माणूस जवळ आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ये टूटा है, साइड में रखो." एवढंच. दुखलं का, हे कोणी विचारलं नाही.

मग नारळ फुटला, फोटो निघाला, थोडा खड्डा खणला आणि काम थांबलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्या योजनेचे तेवढेही भरले नाहीत. काही महिन्यांनी ट्रक आला आणि माझे अकरा भाऊ दुसरीकडे घेऊन गेला. फुटका म्हणून मी राहिलो. खड्डा कचऱ्यानं बुजला. बारा वर्षांनी त्या योजनेतलं मोहाटोलीत काय उरलं असं विचाराल, तर मी.

या काळात लोकांनी माझ्यावर काय काय लिहिलं! कुणी लाल रंगात नंबर टाकला. पुढच्या वर्षी दुसऱ्यानं तो खोडून दुसरा टाकला. कुणी लिहिलं, 'येथे कचरा टाकू नये'. त्या दिवसापर्यंत तिथे कचरा नव्हता. पाटी वाचून लोकांना जागा सापडली.

दर दोन वर्षांनी कुणीतरी टेप घेऊन यायचं, मला मोजायचं आणि जायचं. मी तोच, लांबी तीच, तरी दरवेळी आकडा वेगळा. तेव्हाच मी कानाला खडा लावला. जो आपल्याला मोजतो, त्याच्याशी बोलायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी दुर्पता आली. चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या जंगलकाठच्या गावची, गोंड घरातली. नवरा बांबू तोडायला, तेंदूपत्ता तोडायला जायचा. तो तापानं गेला. मूलबाळ नाही. हात बिडी वळण्यात तरबेज होते, म्हणून ती शहरात आली. जागा कुठे मिळेना. मग तिनं माझ्या दोन्ही तोंडांना पोती लावली आणि चार महिने ती माझ्या पोटात राहिली.

खोटं कशाला बोलू, मला तिचाही संशय आला होता. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात म्हटलं. पण ती रोज मला आतून झाडायची. झोपताना पाठ टेकली की म्हणायची, "लय थंड हाये बाप्पा तू." म्हातारा मजूर म्हणाला होता तेच थंडपण. कुणाच्या तरी कामी आलो, असं मला पहिल्यांदा वाटलं.

मग तिनं माझ्या बाजूच्या मोकळ्या जागेत झोपडी बांधली. तीन बाजूंना कूड लिंपले. चौथी बाजू मी. माझ्या पाठीवर मातीचा थर चढवून तिनं बाजूची भिंत केली. म्हणजे मी हललो तर तिचं घर पडणार, हे त्या दिवसापासून ठरून गेलं.

माझ्या पलीकडे नंदाबाईचं घर. तीही बिडी वळणारी, नवरा हमाल, घरात सासू. सुरुवातीला दोघी माझ्या सावलीत मांडीवर सुपं घेऊन बसायच्या. पत्ती कापताना कैच्या कचकच वाजायच्या आणि तोंडं त्याहून जोरात चालायची. नंदाबाईची कैची एकदा बोथट झाली, म्हणून तिनं दुर्पताची मागून नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत द्यायला आली. दुर्पता तयार बिड्या द्यायला गेली होती. नंदाबाईनं कैची माझ्या पाठीवर ठेवली आणि घाईनं परतली, कारण तिची भाजी करपत होती.

मी गोल. माझ्यावर ठेवलेली वस्तू राहते थोडीच! कैची घसरली आणि माझ्या पोटाखालच्या फटीत गेली.

दुर्पता आली. तिनं वाट पाहिली. तो दिवस गेला, दुसरा गेला. कैची म्हणजे तिची भाकरी. तिनं विचारलं नाही. तिनं ठरवून टाकलं. नवी कैची आणली आणि नंदाबाईकडे पाठ करून बसायला लागली. नंदाबाईलाही कळेना, ही रुसली कशाला. तिनंही विचारलं नाही. मला सगळं ठाऊक होतं, आणि मला तोंडं दोन असूनही बोलता येत नव्हतं.

इथे मला सड्याबद्दल सांगितलं पाहिजे. मोहाटोलीत सकाळी प्रत्येक बाई शेणाचा सडा टाकते. उदारामच्या म्हशीचं शेण सगळ्या गल्लीला पुरतं. जिची जिथवर हद्द, तिथवर तिचा सडा. एक ओंजळही पुढे नाही, एक ओंजळही मागे नाही. दुर्पता आपल्या झोपडीसमोरची सगळी मोकळी जागा शिंपायची, थेट माझ्यापर्यंत. पलीकडून नंदाबाई यायची, ती माझ्या हातभर अलीकडे थांबायची. त्या भांडणापासून माझ्या बाजूनं एक कोरडी पट्टी राहिली. नऊ वर्षं तिथे पाण्याचा थेंब पडला नाही, पावसाळा सोडून.

आणि मग गेल्या वर्षी, धान कापून झाल्यावर, रुची आली.

रुची नागपूरची. घरं आणि वस्त्या आखायचं शिकलेली. सोबत तिच्यासारखेच दोघे. दर रविवारी यायची. तिनं मला पाहिलं, हातानं थोपटलं आणि म्हणाली, "छान आहे हा." मी लगेच सावध झालो. आजवर मला कुणी छान म्हटलं नव्हतं. गरज असल्याखेरीज फुटक्या वस्तूला कोण छान म्हणतं?

ती म्हणायची, "गल्ली तुमची आहे, तर ती कशी सुधारायची तेही तुम्हीच ठरवा. आम्ही फक्त रेघा ओढू." बांधायच्या आधी विचारणारा माणूस मी पाहिला नव्हता, म्हणून माझा संशय दुप्पट झाला. लोकांनाही तो आलाच. पण पाणी साचायचा प्रश्न सगळ्यांचा होता, आणि बिडी वळणाऱ्या बायकांना सावलीची एक शेड हवी होती. हळूहळू लोक जमायला लागले.

उदाराम सगळ्यांत पुढे. राईस मिलमधून निवृत्त झालेला, गल्लीचा स्वयंघोषित मालक. त्याच्या घरासमोर मोठा ओटा, तोही गल्लीत चार फूट पुढे सरकलेला. नाली काढायची तर गल्ली तिथेच रुंद करावी लागणार होती. एका बाजूला उदारामचा ओटा, दुसऱ्या बाजूला दुर्पताची झोपडी आणि मी. कुठली तरी एक बाजू मागे सरणार, हे उघड होतं.

एका रविवारी रुचीनं गल्लीचा भलामोठा नकाशा जमिनीवर अंथरला आणि टिकल्यांची पाकिटं काढली. "लिहायची गरज नाही," ती म्हणाली. "तुम्ही रोज जिथे बसता, जिथे काम करता, जी जागा वापरता, तिथे टिकली चिकटवा. टिकली म्हणजे तुमचं मत." बायकांना ही गंमत फार आवडली. उदारामच्या घरातल्या चौघींनी ओट्यावर इतक्या टिकल्या लावल्या की ओट्याला गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

दुर्पता मागे उभी होती. रुचीनं तिच्यापुढे पाकीट धरलं. तेवढ्यात नंदाबाई हळूच बोलली, "तिले नको देऊ मॅडम. तिचा मालक नाई ना."

नंदाबाईच्या मनात वाईट नव्हतं, हे मी सांगू शकतो. तिच्या विधवा सासूलाही तिनं टिकलीला हात लावू दिला नव्हता. मोहाटोलीची रीतच तशी. दुर्पताच्या गावात याचं एवढं नव्हतं, पण ज्या गल्लीत राहायचं तिचे नियम अंगाला लागतात. रुची ओशाळली. तिनं पाकीट मागे घेतलं. दुर्पता म्हणाली, "राहू दे बाई, मी टिकली लावत नाई," आणि गर्दीतून निघून गेली.

गल्लीतल्या सगळ्यांचं मत घ्यायला निघालेल्या त्या पोरीनं मत द्यायला अशी वस्तू निवडली, जिला गल्लीतल्या सात बायका शिवू शकत नव्हत्या. आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सातजणींनी टिकल्या लावल्या नाहीत, पण त्यांतल्या सहाजणींच्या घरांत सुना होत्या, त्यांनी लावल्या. दुर्पताच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या झोपडीच्या जागी नकाशा कोराच राहिला. सरकारी नकाशावरून उतरवलेल्या त्या कागदावर झोपडी मुळात नव्हतीच. कागद म्हणाला, जागा मोकळी आहे. टिकल्यांनीही तेच सांगितलं.

पुढच्या शनिवारी रुची फक्कीची बादली घेऊन आली. कागदावर कुणाला नीट कळत नाही, म्हणून जमिनीवरच खऱ्या मापाच्या रेघा मारायच्या होत्या. कागदावर मोकळ्या असलेल्या जागी ही झोपडी येते, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं आणि ती थबकली. दाराला ताटी लावलेली होती. दुर्पता बिड्या द्यायला गेली होती.

"इथे कोण राहतं?" रुचीनं विचारलं.

उदाराम लगेच म्हणाला, "कोई नहीं मैडम, लकड़ी-वकड़ी रखते हैं लोग. खाली ही समझो."

चार माणसं उभी होती. सगळी गप्प. नंदाबाई दारात होती, तीही गप्प. गप्प बसणं ही आमच्या गल्लीची जुनी सवय आहे. त्यात कुणाचं काही जात नाही, असं त्यांना वाटतं.

फक्कीची पांढरी रेघ उदारामच्या ओट्याला वळसा घालून आली, कुडापाशी थांबली आणि पलीकडून पुन्हा सुरू झाली. मधे दुर्पताची चूल होती.

संध्याकाळी दुर्पता परतली. रेघेकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. मग आत जाऊन माझ्या पाठीला टेकून बसली. आधी ती थंड आहेस म्हणायची. त्या दिवशी काही बोलली नाही. मला इतका राग आला होता की अंगात सळ्या नसत्या तर मी तडकलो असतो. पाहिलंस, मी मनात म्हणालो, छान म्हणणाऱ्यांचं हे असं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रोजच्यासारखा सडा टाकला. रोजच्याच जागेत. रेघ पुसून गेली.

उदारामनं फोन लावला. "मैडम, कोई आपका काम बिगाड़ रहा है. मैं तो जानता हूँ कौन." रेघ पुन्हा मारली. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेली. आता गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, हिनं जाणूनबुजून केलं. कुणी म्हणालं, उदारामनंच हिच्या नावावर खपवायला केलं. कुणी म्हणालं, या नागपूरवाल्यांनाच काम सोडून पळायचंय, म्हणून निमित्त शोधतायत. रेघ सड्यानं गेली हे स्वतः पाहूनही मी तिघांवर विश्वास ठेवला. संशयाला कुणी परका नसतो.

तिसऱ्यांदा रेघ मारून रुची नागपूरला परतली नाही. गोंदियातच मुक्काम केला आणि दिवस उजाडता उजाडता एकटीच गल्लीत आली. चोर पकडायलाच आली असणार, असं मला वाटलं.

ती माझ्या फुटक्या काठावर बसली आणि पाहू लागली. एकेक दार उघडलं. एकेक बादली बाहेर आली. हातानं ओंजळ ओंजळ सडा पडत गेला. उदारामची सून ओट्यापुढे दोन हात येऊन थांबली. शेजारीण भिंतीच्या कोपऱ्यापाशी थांबली. नंदाबाई माझ्या हातभर अलीकडे थांबली. कुणी कुणाची हद्द ओलांडली नाही. मग ताटी सरकली आणि दुर्पता बाहेर आली.

ती रुचीला पाहून क्षणभर थांबली. मग तिच्यासमोरच तिनं सगळी मोकळी जागा शिंपली. रेघ पुसली गेली.

"मावशी, तुम्ही इथे राहता?" रुचीनं विचारलं.

"नऊ वर्स झाले."

"रेघ तुम्हीच पुसता?"

"मी रोजच्याच जागी सडा टाकून राहिली. रेघ मधात आली त मी का करू?" दुर्पतानं बादली खाली ठेवली. "आन माह्या घरातून रेघ काऊन नेली, ते तू सांग."

"कागदावर इथे घर नव्हतं," रुची म्हणाली. "टिकलीही नव्हती."

"टिकली तूच वापस घेतली होती."

 रुचीचा चेहरा उतरला. मग ती उठली, फक्कीची बादली घेऊन आली आणि ओल्याची कड धरून रेघ मारू लागली. दुर्पताचा सडा जिथे संपत होता, तिथून. मग नंदाबाईचा, मग पुढचा. उदारामच्या ओट्यापाशी आली तेव्हा ओल ओट्याच्या दोन हात पुढे होती आणि समोरच्या घराची ओल तिला जवळजवळ भिडलेली. गल्ली कुठे आवळली आहे, ते कुठल्याही कागदापेक्षा तिथे स्वच्छ दिसत होतं. सूर्य वर यायच्या आत तिनं अख्खी गल्ली अशी काढून घेतली.

त्या रविवारी सगळ्यांना बोलावून ती म्हणाली, "चूक माझी झाली. टिकल्यांचा नकाशा रद्द. हा सड्याचा नकाशा आहे. यात चौतीस घरं आहेत. आधीच्यात तेहतीस होती."

उदाराम चिडला. "सडे से कभी सर्वे होता है क्या?"

गल्लीतला मिस्त्री कैलाश बोलला, "होते ना उदारामजी. तुमच्याच म्हशीच्या शेणानं होते." लोक हसले. उदारामलाही शेवटी हसू आवरलं नाही, आणि हसलेल्या माणसाला लगेच भांडता येत नाही. त्याचा ओटा चार फूट मागे घ्यायचं ठरलं. शेड दुर्पताच्या घराला लागून घ्यायची, असंही ठरलं.

राहिला मी. कैलाश माझ्याभोवती फिरला, माझा फुटका काठ चाचपला आणि म्हणाला, "गल्लीतून पानी पलीकडं काढाले एकच पाईप लागते. सरकारचा कवा येईल, माहीत नाई. हा त आहेच. फुटका काठ काँक्रीटमंधी जाईल, दिसनार बी नाई."

सगळे दुर्पताकडे पाहू लागले. मी निघालो तर तिची भिंत जाणार होती. नाही म्हणाली असती तर पाणी दरवर्षीसारखं नंदाबाईच्या उंबऱ्यात शिरलं असतं. नऊ वर्षांचा राग काढायची याहून चांगली वेळ कुठली?

दुर्पता म्हणाली, "आधी भित. मंग पाईप."

"बांधून देऊ ना मावशी," रुची म्हणाली.

"देऊ म्हनाले का लागते? भित उभी राहू दे. मी हात लावून पाहीन. मंग न्या."

मी खूश झालो. हिला संशय घ्यायला मीच शिकवलं असणार.

भिंतीला विटा कुठून आणायच्या? प्रत्येक घरात बांधकामातल्या उरलेल्या चारदोन विटा असतातच. कुणी परसातून आणल्या, कुणी तुळशीच्या कट्ट्याखालून. लाल, राखाडी, एका बाजूनं निळा रंग लागलेल्या. नंदाबाईनं न्हाणीच्या पायरीच्या विटा काढून आणल्या आणि न बोलता ठेवून गेली. उदारामनं आपल्या ओट्याच्या तोडलेल्या विटा पाठवल्या. स्वतः मात्र आला नाही.

भिंत तीन दिवसांत उभी राहिली, झोपडीच्या आतून, मला अगदी लागून. दुर्पतानं तिला हात लावला, खांदा लावला, पाठ टेकवून पाहिली. मग माझ्याकडे वळून माझ्या पाठीवरची माती स्वतःच्या हातानं खरवडून काढली. "जाय आता," ती म्हणाली. मला रडता येत असतं तर तेव्हा रडलो असतो.

दहा माणसं, पहारीसारख्या सब्बली, दोरखंड आणि कैलाशचा आरडाओरडा. मी बारा वर्षांनी जागेवरून हललो. माझ्या खालची माती फिकट, थंड, मुंग्यांच्या अंड्यांनी भरलेली. आणि तीत अर्धी रुतलेली, गंजून लाल झालेली एक कैची.

दुर्पतानं ती उचलली. मुठीवर तिनं गुंडाळलेली चिंधी अजून होती. नंदाबाई समोरच होती. 

"मी वापस आनली होती," नंदाबाई म्हणाली. "पाईपावर ठेवली होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू इचारलं कवा?"

 नऊ वर्षं. दुर्पतानं कैची पदरानं पुसली, उघडायला पाहिली, ती उघडली नाही. "माहं चुकलं," ती म्हणाली. नंदाबाई म्हणाली, "टिकलीच्या वक्ती माहं चुकलं. रेघ मारली तवा बी." मग दोघी रडल्या आणि दहा माणसं सब्बली धरून इकडे तिकडे पाहत उभी राहिली.

दोघींच्या घरांसमोर, वळणावर खणलेल्या खड्ड्यात मला बसवल्यावर उतार तपासायला कैलाशनं पाणी मागितलं. सड्यातलं उरलेलं बादलीभर पाणी दुर्पतानं माझ्या एका तोंडात ओतलं. ते माझ्या पोटातून सरकत गेलं. गार होतं, शेणाचा वास होता. दुसऱ्या तोंडाशी नंदाबाई वाकून बसली होती. ती ओरडली, "आलं!" बारा वर्षं मी ज्यासाठी थांबलो होतो, ते एवढंसं होतं.

दुसऱ्या दिवशी दुर्पतानं कैलाशला बोलावलं आणि नव्या भिंतीत खिडकी पाडायला सांगितली, नंदाबाईच्या अंगणाकडे. कैलाश वैतागला. "बांधताना काऊन नाई सांगितली?"

"तवा तिकडं पाहाचं नव्हतं."

तर मी आता जमिनीखालून बोलतोय. तुमच्या पायाखाली, मोहाटोलीच्या वळणावर. माझा संशय गेला, असं समजू नका. शेडचा एकही पत्रा अजून आलेला नाही. सरकारी कागदावर दुर्पताचं घर अजूनही नाही. रुचीच्या नकाशात आहे, पण तेही पेन्सिलीनं. पेन्सिल खोडायला किती वेळ लागतो? रुची म्हणते, कागद मी घेऊन फिरतेय. फिरो बापडी. घोडामैदान जवळच आहे. पोरगी खोटी नाही, इतकं आता मी मानतो. पण खात्री अजून देत नाही.

एक विनवणी आहे. तुम्ही कुठल्या गल्लीत नकाशा घेऊन जाणार असाल, तर दुपारी जाऊ नका. दुपारी पुढे होऊन बोलणारेच तेवढे भेटतात. सकाळी जा, सडा वाळायच्या आत. कोण कुठवर शिंपतं, कुठे थांबतं आणि कुठे कोरडं राहिलंय, ते पाहा. आणि ज्याची टिकली दिसत नाही, त्याला विचारा. नुसतं विचारा.

माझ्यावरच्या मातीत पूर्वीसारखीच दोघींची हद्द आहे. इकडून दुर्पता येते, तिकडून नंदाबाई. पहिले काही दिवस मधली हातभर पट्टी कोरडीच राहायची, सवयीनं. मग एका सकाळी वरून ओल झिरपत माझ्यापर्यंत आली. कुणी आधी हात पुढे टाकला, मला दिसलं नाही. दुर्पता म्हणते नंदाबाईनं, नंदाबाई म्हणते दुर्पतानं. दोघींपैकी एक खोटं बोलते आहे, आणि कोण ते शोधून काढायची मला अजिबात इच्छा नाही.